सिमेंटखालचं घर: सफोकमधल्या जुन्या शेतघराची दुरुस्ती

फार्महाउस म्हटलं की आपल्याकडे शनिवार-रविवारचा बंगला डोळ्यांपुढे येतो. हे घर तसलं नव्हे. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात, चिकणमातीच्या पठारावर, शेताच्या मधोमध उभं असलेलं हे शेतकऱ्याचं राहतं घर आहे. बाहेरून फिकट गुलाबी सिमेंटचा गिलावा, वर लाल कौलं, घराच्या मध्याजवळ विटांचं जाडजूड धुराडं. सरकारी वारसा यादीत नोंद एवढीच: सतरावं शतक, श्रेणी २. मालकांची तक्रारही एकच होती. उत्तरेच्या भिंतीला आतून ओल येते, जमिनीलगत बुरशीचा वास येतो आणि त्या बाजूची खिडकी दरवर्षी जास्तच अडकते.

यादीतल्या अशा कित्येक नोंदी रस्त्यावरून पाहून केलेल्या असतात. म्हणून त्या तारखेवर विसंबायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. हातोडा बाजूला ठेवून पहिले नऊ दिवस फक्त मोजमापं घेतली. घराभोवती एक समपातळीची दोरी आखली, प्रत्येक खांबाला क्रमांक दिला आणि १:५० प्रमाणात तळाचा व माडीचा नकाशा काढला. मग दर चौकटीतून घर उभं कापल्यासारखे छेद काढले. लेझरचं यंत्र होतं, पण त्याला पृष्ठभाग दिसतो, खुंटीचं बुजलेलं भोक दिसत नाही. हाताने रेखाटताना डोळा प्रत्येक सांध्यावर थांबतो. अशा कामात निम्मा पुरावा तिथेच सापडतो. ओळंबा लावल्यावर कळलं, की उत्तरेकडचे तीन खांब माथ्यापासून पायापर्यंत ६० ते ९० मिलिमीटर बाहेर कलले आहेत आणि त्यांचे पाय दक्षिणेकडच्या पायांपेक्षा ४५ मिलिमीटर खाली बसले आहेत. खिडकी का अडकते ते तिथेच समजलं. पाय का खचले ते मात्र अजून सिमेंटखाली होतं.

घर १७ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद, एकामागोमाग एक तीन खोल्यांचं. आज पुढचं दार उघडलं की समोर थेट धुराड्याची बाजू येते. त्या चिमुकल्या जागेतून एकीकडे बैठकीची खोली, दुसरीकडे स्वयंपाकघर. सतराव्या शतकात पूर्व इंग्लंडमध्ये ही मांडणी सर्रास होती, म्हणून यादीतली नोंद अगदीच चूक नव्हती. पण स्वयंपाकघराकडच्या आडभिंतीचा सुटलेला रंग खरवडल्यावर शेजारी-शेजारी दोन बुजवलेली ओकची दारं दिसली, दोन्हींचा माथा कमानदार. मध्ययुगीन घराची ही खूण आहे. एक दार पेयांच्या पिंपांच्या कोठीचं, दुसरं पाव आणि कोरड्या शिध्याच्या कोठीचं. त्यांच्यासमोरून घराच्या आरपार जाणारा बोळ असायचा, त्याला समोरासमोर दोन बाह्य दारं. बोळापलीकडे मोठं दालन, तिथेच चूल, जेवण आणि घरातली सगळी ये-जा. सर्वांत टोकाला धन्याची खोली. म्हणजे धुराडं नंतर आलं आणि ते थेट त्या बोळात बसवलं गेलं. पटण्यासारखा तर्क होता, पण पुरावा छपरात होता.

पोटमाळ्यावर जायला ५० सेंटिमीटरचं झडपं. वर गेल्यावर दालनाच्या बरोबर मध्यावरच्या आडव्या तुळईवर एक आखूड खांब उभा होता: क्राउन पोस्ट. आठकोनी, पायथ्याशी आणि माथ्याशी घडीव कडी काढलेला, माथ्यातून चार दिशांना वाकडे टेकू फुटलेला. जो खांब आज फक्त वटवाघळं पाहतात, त्यावर इतकी कलाकुसर कोण करेल? तो खालून दिसत होता म्हणूनच ती केली. मधली माडी तेव्हा नव्हतीच. जमिनीपासून छपरापर्यंत दालन मोकळं होतं.

मराठी वाचकाला या छपरात एक गोष्ट खटकेल. याला आढंच नाही. आपल्याकडे वासे आढ्यावर टेकतात. इथे समोरासमोरचे दोन वासे माथ्याशी एकमेकांत अर्धे-अर्धे खाचून एका लाकडी खुंटीने जोडलेले असतात आणि थोडं खाली कॉलर नावाची आडवी पट्टी त्या जोडीला बांधून ठेवते. दर ५५ सेंटिमीटरवर अशी एकेक जोडी. प्रत्येक जोडी आपापली उभी राहते, पण सगळ्या मिळून पत्त्यांसारख्या एका बाजूला कलंडू शकतात. ते होऊ नये म्हणून सगळ्या कॉलरच्या पोटाखालून घराच्या लांबीइतकी एक तुळई जाते आणि ती क्राउन पोस्टवर व त्याच्या टेकूंवर बसते. म्हणजे क्राउन पोस्टचं पहिलं काम छप्पर उचलून धरण्याचं नाही, ते लांबीच्या दिशेने सरळ ठेवण्याचं आहे. हे न समजल्याने कितीतरी घरांत हे टेकू 'डोक्याला लागतात' म्हणून कापले गेले आणि पुढे सगळं छप्पर एकीकडे झुकलं. इथेही धन्याच्या खोलीकडचा एक टेकू कापलेला होता आणि तिथल्या वाशांचे माथे ११० मिलिमीटर सरकले होते.

दालनावरचे वासे काजळीने काळेकुट्ट, बोटाने घासलं तरी न निघणारे. ही उघड्या चुलीची काजळी. धुराड्याच्या फटीतून गळलेल्या धुराची काजळी वेगळी असते. ती एका जागी पंख्यासारखी पसरते आणि हाताला लागते. उघड्या चुलीची काजळी दालनाच्या दोन्ही टोकांपर्यंत सारखी असते आणि आडभिंतीशी अचानक थांबते. या घरात तसंच होतं. पोटमाळ्यातल्या दोन्ही आडभिंतींचं कुडाचं लिंपण दालनाच्या बाजूने काळं आणि पलीकडून मातीच्या मूळ रंगाचं होतं. तरी आणखी एक तपासणी हवी, कारण जुने वासे दुसऱ्या घरातून आणून पुन्हा वापरण्याची रीत होती. सैल झालेल्या एका कॉलरच्या सांध्यात दिवा धरून पाहिलं. सांध्याच्या आतलं लाकूड स्वच्छ होतं. आत काजळी असती तर वासे आधी दुसरीकडे काळे होऊन इथे आले असते.

वाशांचा उतार ५२ अंश. एवढा चढ कौलांना लागत नाही, गवताला लागतो. म्हणजे मूळ छप्पर शाकारलेलं होतं.

मग खाली उतरून तुळयांची पोटं आणि खांबांच्या कडा पाहिल्या. या घरांतलं जवळजवळ प्रत्येक जोडकाम लाकडातच आहे. एका लाकडाच्या टोकाला काढलेलं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं आणि आरपार ओकची खुंटी ठोकायची. खुंटीचं भोक कुसवात मुद्दाम २-३ मिलिमीटर खांद्याच्या, म्हणजे कुसवाच्या मुळाच्या, बाजूला पाडतात. त्यामुळे खुंटी आत जाताना सांधा आवळला जातो. लाकूड ओलं असतानाच चौकट जोडत. सुकताना ते आक्रसतं, वळतं, आणि ती वाकलेली खुंटी सांधा धरून ठेवते. चौकट आधी आवारात जमिनीवर मांडून, प्रत्येक सांधा एकमेकांवर आखून कापत. म्हणून एका जागेचं लाकूड दुसऱ्या जागी बसत नाही आणि म्हणूनच सुतार त्यावर रोमन आकडे कोरत. चार म्हणजे चार उभ्या रेघा, कारण उलटसुलट धरल्यावर घोटाळा नको. उत्तरेच्या भिंतीच्या टेकूंवर एक, दोन आणि चार हे आकडे मिळाले. तीन नव्हता. जिथे तो असायला हवा, तिथे माथ्याच्या तुळईत रिकामी खाच आणि दोन खुंट्यांची भोकं होती. कुणीतरी दार पाडण्यासाठी तिसरा टेकू काढला होता आणि पुढे ते दारही बुजवलं. भिंत बाहेर का कलली याचं अर्धं उत्तर या हरवलेल्या आकड्यात होतं.

त्याच तुळईच्या पोटाला ओळीने बारीक चौकोनी खाचा होत्या, कोपरा पुढे करून कापलेल्या, आणि त्यांच्या आतल्या बाजूला एक लांब खोबण. ही बिनकाचेची खिडकी. ओकचे उभे गज, चौकोनाचा कोपरा बाहेर ठेवून, आणि खोबणीत सरकणारी लाकडी झडप. शेतकऱ्याच्या घरात काच फार उशिरा आली. खाचा मोजल्या की खिडकीची रुंदी कळते. ही खिडकी पावणेदोन मीटर रुंद होती, दालनाला शोभेल अशी.

वय ठरवण्यासाठी झाडांच्या वार्षिक कड्यांची चाचणी केली. पोकळ गिरमिटाने साधारण पेन्सिलीच्या दुप्पट जाडीचा नमुना काढतात आणि भोक ओकच्या बुचाने बंद करतात. किमान ५० कडी तरी हवीत, ८०-१०० असली तर जुळणी विश्वासार्ह. साल शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी, अगदी कोणत्या ऋतूत तोडलं तेही कळतं. अडचण अशी, की सफोकचे शेतकरी जाडजूड म्हातारे वृक्ष वापरत नसत. याच परगण्यातल्या स्टँटन गावातल्या ग्रंडल हाउस या घराचा हिशोब जंगलांचे इतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांनी मांडला आहे. त्याला सुमारे ३३० ओक लागले आणि त्यांतली निम्मी झाडं ९ इंचांहूनही बारीक होती. अशी भराभर वाढलेली झाडं म्हणजे कडी थोडी आणि रुंद. आमच्या आठ नमुन्यांपैकी सहा त्यामुळेच निकामी ठरले. दोन जुळले. त्यांत गाभा संपून रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचं कोवळं लाकूड, सुरू होतं ते कडं १४६२ चं निघालं, पण रसकाष्ठ किड्यांनी खाल्लेलं. दक्षिण इंग्लंडच्या ओकमध्ये रसकाष्ठाची कडी ९ ते ४१ धरतात, म्हणून झाडं १४७१ ते १५०३ या काळात कधीतरी तोडली. ओक ओलाच वापरत असल्याने घरही त्याच सुमाराचं. यादीतल्या नोंदीपेक्षा दीडेकशे वर्षं जुनं. निकामी नमुने फेकू नयेत. लाकडातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून वय काढण्याची पद्धत आता वापरात आहे आणि तिला कमी कडीही पुरतात.

धुराडं आणि माडी त्यानंतर शंभरेक वर्षांनी आली असावीत. माडीच्या मुख्य तुळईच्या कडा रुंद तासलेल्या आहेत आणि त्यांची टोकं कोकराच्या जिभेसारखी वळवून थांबवली आहेत. ती तुळई मूळ खांबांत कुसवाने न बसता कडेने खाचून बसवली आहे, कारण उभ्या घरात ती मागाहून घुसवायची होती. धन्याच्या खोलीवरची माडी मात्र मूळची. तिथल्या कड्या पसरट ठेवल्या आहेत, १५० मिलिमीटर रुंद आणि ११५ उंच. ताकदीचं गणित पाहिलं तर हे उलटं आहे, कडी उभी ठेवली तर जास्त भार पेलते. पण मध्ययुगीन सुतार अशाच ठेवत आणि पाचशे वर्षांनीही त्या सरळ आहेत. चुलीवरच्या ओकच्या तुळईला अश्रूच्या आकाराचे जळके डाग होते. ते अपघाताचे नसतात. पेटती वात तिरकी धरून मुद्दाम दिलेले असतात, बहुधा घर राखण्याच्या समजुतीतून. पॉलिशवाल्यांना त्या तुळईपासून दूर ठेवलं.

परवानगीचा भाग थोडक्यात. यादीतल्या घराच्या स्वरूपाला बाधा येईल असं काही परवानगीशिवाय केलं, तर तो १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. अर्जाला शुल्क नाही, निर्णयाची मुदत आठ आठवडे. सोबत मोजणीचे नकाशे, घराच्या महत्त्वाचं टिपण आणि प्रत्येक कामाची रीत द्यावी लागते. 'सडलेला भाग बदलणे' असं मोघम लिहिलं तर अर्ज परत येतो. कोणत्या खांबाचा किती मिलिमीटर भाग, कोणत्या सांध्याने, ते लिहायचं. वटवाघळांनाही कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांची पाहणी मे ते सप्टेंबर याच काळात होते. ती आधी आखली नाही तर वर्ष वाया जातं. आम्ही ती मेमध्येच उरकली होती.

सिमेंट काढायला सुरुवात केली ती आधीच पोकळ वाजणाऱ्या जागेपासून. विजेचा हातोडा लाकडाजवळ आणायचा नाही. रुंद छिन्नी, छोटा हातोडा आणि जाळीचे खिळे कापायला पक्कड. विसाव्या शतकातल्या त्या कामात ओकवर लोखंडी जाळी ठोकून वर २५ मिलिमीटर सिमेंट चढवलं होतं. ओकमधल्या आम्लाने खिळे गंजले, गंजाने फुगले, गिलाव्याला केसासारख्या भेगा पडल्या. भेग बारीक असली की पाणी ओढून घेते, आणि आत गेलेलं पाणी सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही. चुन्याच्या गिलाव्यालाही भेगा पडतात, पण तो जितका भिजतो तितका वाऱ्या-उन्हात सुकतो. ओलीचं कारण जमिनीतून चढणारं पाणी असेल असं सगळे सांगत होते. प्रत्यक्षात पाणी वरून येऊन तळाशी साठत होतं.

भिंतीच्या तळाशी दगडी-विटांच्या जोत्यावर एक आडवं लाकूड असतं, सोल प्लेट. सगळे उभे दांडे त्यात बसतात. उत्तरेला पाच मीटर लांबीची सोल प्लेट भिजलेल्या केकसारखी झाली होती. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. दांड्यांचे पाय तपकिरी भुकटी झाले होते. ओलावामापक तळाशी ३० ते ३४ टक्के दाखवत होता आणि मीटरभर वर १६. साधारण २० टक्क्यांच्या वर ओक कुजायला लागतो आणि कुजून मऊ झालेल्या ओकमध्ये डेथवॉच बीटल हा भुंगेरा शिरतो. त्याची भोकं ३ मिलिमीटरची, फर्निचरच्या किड्याची त्याच्या जवळपास निम्मी. भोकं दिसली की औषध फवारणारे येतात. त्यांना परत पाठवलं. लाकूड सुकलं की भुंगेऱ्याचं राज्य आपोआप संपत जातं. औषधाने मात्र त्याला खाणारे कोळीच आधी मरतात.

दुसरं कारण अंगणात होतं. पाचशे वर्षांच्या शेणमातीने आणि फरशांनी जमीन २४० मिलिमीटर वर आली होती आणि जोतं गाडलं गेलं होतं. माती काढली, पण जपून. अशा घराला पाया म्हणावा असा काही नसतो. जोत्याच्या चकमकीच्या दगडाखाली जेमतेम वीतभर काम आणि मग चिकणमाती. भिंतीलगत खोल चर खणून खडी भरायची सूचना आली होती. तसं केलं असतं तर जोतंच चरात घसरलं असतं. मीटरभर रुंदीत माती हळूच उतरती केली, घरापासून दूर.

सोल प्लेट बदलताना भार टेकूंवर घ्यायचा असतो, घर उचलायचं नसतं. माथ्याच्या तुळईखाली आडवी लाकडं घालून दोन्ही बाजूंना पेचाचे लोखंडी टेकू लावले आणि दिवसाला अर्धा फेरा एवढ्याच गतीने आवळले. एकूण ६ मिलिमीटर. तेवढ्यावर आतल्या जुन्या गिलाव्यात सूक्ष्म भेग दिसली आणि तिथे थांबलो. ४५ मिलिमीटरचा खचाव सरळ करायचा मोह खूप होतो. पण या ४५ मिलिमीटरला सगळे सांधे, खिडक्या आणि जिना आता सरावलेले आहेत. सरळ करायला गेलं की दहा जागी नवं मोडतं.

नवं लाकूड ओलं ओकच घेतलं, २०० बाय १७५ मिलिमीटर. इथे नवशिक्या सुताराची हमखास गाडी अडते. मूळ घर बांधताना दांडे वरून सोल प्लेटच्या खाचांत उतरवले होते. आता दांडे जागेवर आहेत आणि सोल प्लेट बाजूने सरकवत आणायची आहे. बंद खाचेत कुसू जाणारच नाही. म्हणून खाचा आतल्या बाजूने उघड्या ठेवल्या, प्लेट सरकवली आणि मागून ओकचे ठोकळे बसवून खुंट्यांनी पक्क्या केल्या. जुन्या प्लेटचा चांगला भाग ठेवून नवा तुकडा त्याला लांब, दोन्ही टोकांना आत कललेल्या कापाच्या सांध्याने जोडला. सांध्याची लांबी लाकडाच्या उंचीच्या तिप्पट. दांड्यांचे कुजलेले पाय चांगलं लाकूड लागेपर्यंतच कापले, एक इंचही जास्त नाही, आणि तेवढ्यांनाच नवे पाय जोडले. एकूण अकरा दांड्यांपैकी सात. उरलेल्या चारांचं लाकूड बाहेरून काळवंडलेलं, पण आतून टणक होतं. सडलेलं दिसतं ते सगळं सडलेलं नसतं. खुंट्या फाडलेल्या, सुकलेल्या ओकच्या, कारण ओल्या चौकटीत सुकी खुंटी घट्ट होत जाते. जिथे धातू टाळता आला नाही तिथे गंजरोधक पोलाद वापरलं. साधं लोखंड ओल्या ओकमध्ये खाल्लं जातं आणि भोवतीचं लाकूड निळं-काळं होतं.

प्लेटखाली प्लास्टिकचा पडदा घातला नाही. तो जमिनीची ओल अडवतो खरा, पण भिंतीतून उतरलेलं पाणीही लाकडाखाली धरून ठेवतो. जोत्यावर हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यानेही घट्ट होणाऱ्या, चुन्याच्या मसाल्याचा थर दिला आणि त्यात प्लेट बसवली. हरवलेला तिसरा टेकूही नवा करून त्याच्या रिकाम्या खाचेत परत गेला. त्यावर आम्ही चालू वर्ष कोरलं, म्हणजे पुढच्या कुणाला तो मूळचा वाटणार नाही.

कोकणातली कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचा भाग ओळखीचा वाटेल. दांड्यांच्या मधल्या ३० सेंटिमीटरच्या जागेत आडव्या काठ्या अडकवलेल्या, त्यांना हेझलच्या उभ्या काठ्या सुतळीने बांधलेल्या आणि दोन्हीकडून मातीचं लिंपण. पडलेल्या खणांची माती आम्ही गोळा करून, फोडून, दोन दिवस भिजवून पुन्हा वापरली. तिच्यात पेंढा आहे, शेण आहे, खडूचे बारीक खडे आहेत. यापेक्षा योग्य माती बाजारात मिळत नाही. कमी पडली तेवढी आवारातच खणली, वरच्या काळ्या थराखालची. मातीची वळी करून टेबलाच्या कडेवरून हळूहळू सरकवायची. ५ सेंटिमीटरच्या आत तुटली तर चिकटपणा कमी, १५ च्या पुढे गेली तर फार चिकट, सुकताना फाटेल. आमची २० वर गेली, म्हणून चार भाग मातीला एक भाग खरबरीत वाळू घातली. आखूड कापलेला पेंढा मुठीमुठीने, मावेल तितका, आणि पायांनी तुडवणं. दोन माणसांनी भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून एकाच वेळी गोळे दाबायचे, म्हणजे काठ्यांमधून माती मातीला भेटते. एका बाजूने लिंपलं तर दुसऱ्या बाजूचा थर पुढे सुटून पडतो. दोनेक दिवसांनी माती चामड्यासारखी झाली की लाकडी थापीने कडा आत ठोकायच्या. हे चुकलं तर दांड्याभोवती बोटभर फट राहते. सुकायला पाच आठवडे लागले, कारण ऑगस्ट पावसाचा गेला. सुकण्याआधी चुना चढवला तर तो उरलेलं पाणी शोषतो आणि सुटतो.

बाहेरून चौकट उघडी ठेवायची की गिलाव्याने झाकायची, यावर मालकांशी बराच वेळ बोलणं झालं. काळं लाकूड आणि पांढरे खण असं चित्र सगळ्यांच्या मनात असतं. पण लाकडाला काळं फासण्याची फॅशन बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली. या घरात दांड्यांचा बाहेरचा पृष्ठभाग वाऱ्या-पावसाने झिजलेला होता आणि त्यावर गिलावा धरणाऱ्या जुन्या पट्ट्यांच्या खिळ्यांच्या दाट रांगाही होत्या. म्हणजे आधी काही काळ उघडं, मग शेकडो वर्षं गिलाव्याखाली. वादळी बाजू उत्तरेचीच. उघडं ठेवलं असतं तर प्रत्येक दांड्याच्या दोन्ही कडांनी पाणी आत गेलं असतं. म्हणून पुन्हा गिलावा, चुन्याचा.

फाडलेल्या चेस्टनटच्या पट्ट्या ८ ते १० मिलिमीटर अंतराने ठोकल्या. विरवलेल्या चुन्याच्या एका भागाला टोकदार कणांच्या वाळूचे तीन भाग आणि शेळीचे केस. केस पुरेसे आहेत का ते थापीने ठरतं. थापीवरून मसाला कडेने ओघळला की धारेवर केसांची सलग झालर दिसली पाहिजे. केस आयत्या वेळी घालायचे. चुन्यात फार दिवस पडले तर विरघळून जातात. तीन थर, प्रत्येक ९-१० मिलिमीटर. पहिल्यावर तिरक्या चरांची जाळी ओढायची आणि पुढचा थर चढवण्याआधी बोटाने दाबून ठसा उमटत नाही ना ते पाहायचं. कडक उन्हात आणि वाऱ्यात ओली गोणपाटं टांगून ठेवली. चुना सुकून घट्ट होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो आणि त्याला त्यासाठी ओलसरपणा लागतो. घाईने सुकला तर भुकटी. उलट बाजूला थंडीचा धोका: ५ अंशांखाली काम बंद. शेवटचा थर सप्टेंबरच्या अखेरीस संपवला, कारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर चढवलेला चुना पहिल्या कडाक्यातच पापुद्र्यांनी गळतो.

सिमेंट काढताना पूर्व टोकाला खिडकीवर जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा हातभर तुकडा सापडला होता. त्यावर फणीने काढलेल्या अर्धगोलांची नक्षी. पूर्व इंग्लंडमधल्या गिलावा-नक्षीकामाची ही साधी शेतकरी रीत. त्याचं मोजमाप आणि छायाचित्र घेऊन, कडा चुन्याने शिवून तो तुकडा जागेवरच ठेवला. बाकी भिंतीवर त्याची नक्कल केली नाही. चुन्याच्या रंगाचे पाच हात, दुधाइतके पातळ, प्रत्येक हाताआधी भिंत भिजवून. जाड हात मारला की तडकतो. गुलाबी छटा लोहाच्या मातीरंगाची, चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. त्याहून जास्त घातला तर रंग हाताला येतो.

पुढच्या उन्हाळ्यात सोल प्लेटमध्ये मापक १९ टक्के दाखवत होता, दांड्यांत १५-१६. नवी प्लेट अपेक्षेप्रमाणे ८-१० मिलिमीटर आक्रसली होती आणि तिच्या माथ्याशी फट पडली होती. ती केसाळ चुन्याने ठासून भरली. ओक इंचाला साधारण वर्ष या हिशोबाने सुकतं, तेव्हा अजून सहाएक वर्षं ही फट दर उन्हाळ्यात पाहावी लागेल. मालकांना भिंतीचा नकाशा दिला आहे, त्यावर ओलावा मोजायच्या बारा जागा खुणा करून.